मिलच्या आवारातला कॅमेरा

सावली गावाच्या बाजारओळीत निशातला नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. लहानपणी ती अयूब रेडिओवाल्याची पोरगी होती. मधली काही वर्षं ती वडशाला सासरी कोणाची तरी सून होती. आता चाळिशी गाठता गाठता ती कॅमेरेवाली बाई झाली होती. बसस्टँडवर उतरून कुठल्याही पानठेल्यावर "कॅमेरेवाली बाई कुठी बसते?" एवढं विचारलं, की पानवाला चुना लावता लावता मानेनंच दिशा दाखवी.

सासर सुटलं त्यात भांडणतंटा असा झाला नव्हता. नवऱ्याला दुसरं घर करायचं होतं, त्यानं ते केलं, आणि निशात एक पेटी घेऊन आईबापाकडे परत आली. अयूबचे हात तोवर कापायला लागले होते. तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी धरली की टोक जाग्यावर बसत नसे. निशात त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसायला लागली, ती उठलीच नाही. रेडिओ गेले, टीव्ही गेले, मोबाईल आले, कॉम्प्युटर आले. बाप गेला तेव्हा दुकानाच्या पाटीवर रेडिओचं चित्र होतं आणि आत कॅमेऱ्यांचे खोके. सोनाराचं दुकान, पतसंस्था, पेट्रोल पंप, धानाच्या मिला, जिथं म्हणून काही सांभाळायचं आहे तिथं निशात ओढणी कमरेला गुंडाळून शिडीवर चढलेली दिसे. आधी लोक बघत उभे राहत. मग त्यांनाही सवय झाली.

एक गोष्ट मात्र ती कोणाला सांगत नसे. ज्या दिवशी बाहेर काम असेल त्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. चहाही नाही. शेताच्या, मिलच्या, पंपाच्या ठिकाणी बाईमाणसानं जायचं कुठं, हा प्रश्न कोणाला विचारायचा नाही, तर मग तहानच लागू द्यायची नाही. तिची आई अमिना दारात उभी राहून कटकट करी, "पानी तो पी के जा. गुर्दे खराब कर लेगी एक दिन." निशात चपला घालत म्हणे, "आ के पीती हूँ अम्मी." संध्याकाळी आल्या आल्या ती तांब्याभर पाणी उभ्यानंच पिऊन टाकी.

त्या वर्षी धान कापून झाले आणि थंडी एकदम उतरली. सकाळी नऊपर्यंत धुकं हटत नव्हतं. अशाच एका सकाळी ती दुकानाचं शटर वर करत होती, तर फोन वाजला. गडचिरोलीच्या रस्त्यावर गुणवंतरावांची राइस मिल होती, तिथला मॅनेजर नागसेन बोलत होता.

"बाई, लवकर या. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर चालूच नाई होऊन राह्यलं. मी काढून पुन्हा टाकाले गेलो तं आता टाकलंही नाई जात."

"अर्जंट आहे का? मले एका पतसंस्थेत जायचं होतं."

मग नागसेन म्हणाला, "मुखरूभाऊ गेले. वाघानं नेलं."

निशातनं शटर अर्ध्यावरच धरून ठेवलं होतं, ते हातातून खाली सुटलं.

मुखरू म्हणजे मिलचा चौकीदार. पन्नाशी उलटलेला, बारीक, डोक्याला कायम मफलर. मागच्या हंगामात निशात तिथं एक कॅमेरा बदलायला गेली होती, तेव्हा तिची शिडी त्यानंच धरली होती. पूर्ण वेळ तो खालून बोलत होता. तिच्याशी नाही, पायाशी बसलेल्या कुत्रीशी. "पाह्यजो बरं, बाई पडली तं तुलेच झेलावं लागन." निशातला वरती हसू आवरेना आणि हातातला स्क्रू खाली पडला, तो त्यानं कोंड्यातून शोधून दिला होता.

ती मिलवर पोचली तेव्हा गेटबाहेर गाड्या उभ्या होत्या. मिल बंद होती. हमालीच्या बाया भिंतीच्या कडेला ओळीनं बसलेल्या. भिंतीच्या मागे नाला, नाल्यापलीकडे बांबू आणि पळसाची झुडपी, आणि तिथून पुढे जंगल. झुडपीतच सापडला होता तो. वनखात्याची माणसं आली होती, पंचनामा होऊन देह चिरफाडीसाठी नेला होता. वनपालानं एवढंच विचारलं होतं, की माणूस बाहेर गेला कसा आणि कोणत्या बाजूनं गेला. जंगलात सरपण, बांबू, शिकार अशा कशासाठी शिरला असेल तर भरपाईचं प्रकरण वेगळं होतं, भिंतीलगत असेल तर वेगळं. गुणवंतराव म्हणाले होते, आमच्याकडे कॅमेरे आहेत, बघून घ्या. आणि बघायला गेले तर कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघडेना.

कॅबिनमध्ये नागसेन एकटाच होता. सगळ्या वस्तूंवर कोंड्याची बारीक पिवळी धूळ बसलेली, कीबोर्डवरसुद्धा. त्यानं स्वतःच खुर्ची पुसून दिली. "चहा सांगू का?"

"नको, भाऊ."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मधोमध एक चौकट उघडी होती. डिस्क नव्यानं तयार करायची का, हो की नाही. निशातचा हात आपोआप नागसेनच्या मनगटावर गेला.

"हे तुमी दाबलं तं नाई ना?"

"नाई. समजलंच नाई तं हात काढून घेतला."

"चांगलं केलं. 'हो' दाबलं असतं तं सगळं गेलं असतं."

तिनं सगळ्यात आधी मशीन बंद केलं, डबा उघडला आणि रेकॉर्डिंगच्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवली. आता काहीही चुकलं तरी जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढणार नव्हतं. मग तिनं मशीन पुन्हा सुरू करून सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. हिरवी पट्टी सरकत गेली, शेवटाजवळ आली आणि थांबली. एक फाईल सापडत नाही म्हणून संदेश आला. तिनं अँटिव्हायरस बंद केला, पुन्हा टाकलं; तिथंच अडलं. जुन्या सॉफ्टवेअरचे मागे राहिलेले तुकडे शोधून काढले, मशीन बंद करून सुरू केलं, पुन्हा तिथंच. बाहेर कोणीतरी बाई हुंदका देऊन थांबली. नागसेन खिडकीशी उभा होता, त्याची पाठ निशातकडे होती.

बऱ्याच वेळानं तिचं लक्ष फोल्डरच्या नावांकडे गेलं. कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याचं नाव मराठीत घातलेलं होतं, मिलचं पूर्ण नाव, जोडाक्षरांसकट.

"हे नाव कवा टाकलं, भाऊ?"

"दिवाळीत. विंडोज बिघडली होती, तवा नवीन टाकली. सॉफ्टवेअर टाकून झालं, मंग मालक म्हनले मराठीत नवं खातं काढा. काऊन?"

"हे सॉफ्टवेअर बाहेरचं आहे. त्याले मराठी अक्षर वाचता येत नाई. रस्त्यात आपली अक्षरं आली का ते तिथंच थांबते."

तिनं इंग्रजी नावाचं नवं खातं उघडलं आणि तिथून टाकलं. पट्टी सरकली आणि या वेळी शेवटापर्यंत गेली. चौकटीत एकामागून एक कॅमेरे उजळले: गेट, वजनकाटा, गोदाम, आवार. उजेडातलं ताजं चित्र. बसलेल्या बाया, उभी गाडी, कुत्री.

नागसेननं श्वास सोडला. "झालं?"

"हे आत्ताचं आहे. जुनं अजून सापडाचं आहे."

डिस्क परत जोडली तर कॉम्प्युटरनं तिला दिलेलं अक्षर बदललेलं. वायर काढून पुन्हा लावण्यात डीची ई झाली होती आणि सॉफ्टवेअर डी शोधत बसलं होतं. निशातनं ते सरळ केलं आणि जुन्या फायलींची यादी सॉफ्टवेअरला नव्यानं बनवायला लावली. त्याला वेळ लागला. यादी आली तीही भलत्याच तारखांची. कॉम्प्युटरमधला सेल मेलेला होता, वीज गेली की घड्याळ कुठंतरी मागे जाई. आजची सकाळ कोणत्यातरी जुन्या वर्षाच्या खाली जाऊन बसली होती. मग निशातनं तारखांचा नाद सोडला आणि सगळ्यात शेवटी लिहिली गेलेली फाईल उघडली. ती आवारातल्या कॅमेऱ्याची होती.

धुकं इतकं होतं, की चित्र दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. कोंड्याचा ढीग, ढिगामागे भिंत, आणि उजव्या हाताला मजुरांसाठी बांधलेले संडास. बांधकाम पक्कं, दारं निळ्या रंगाची. मुखरू डाव्या बाजूनं आला. मफलर, घोंगडी, हातात प्लास्टिकचा डबा. तो संडासाच्या दाराशी गेला. दाराला कुलूप होतं. त्यानं ते हातात धरून हलवलं. दुसऱ्या दाराशी गेला. तिथंही कुलूप. तेही हलवलं. मग तो तसाच उभा राहिला. एकदा त्यानं वळून कॅबिनकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडेच पाहिलं, जणू कोणी उठून चावी आणून देईल. कोणी आलं नाही. इतक्या पहाटे कोण येणार? पोटाला हात लावून तो गेटच्या दिशेनं चालायला लागला आणि चित्रातून निघून गेला.

निशातनं गेटचा कॅमेरा उघडला. छोटं दार उघडून मुखरू बाहेर पडला, भिंतीच्या कडेनं धुक्यात गेला. कुत्री त्याच्या मागे निघाली, थोडी गेली, आणि एकाएकी शेपूट पायात घालून पळत परत आली. त्यानंतर बराच वेळ फक्त धुकं होतं. दार उघडंच राहिलं.

निशातनं तिथं थांबायला हवं होतं, काम झालं होतं. पण तिनं आवाराचा कॅमेरा पुन्हा लावला आणि मागे मागे नेला. कालची सकाळ, परवाची, त्याच्याही आधीची. रोज सकाळी दोघीदोघी करून हमालीच्या बाया छोट्या दारातून बाहेर जाताना दिसत होत्या. एक बाहेर गेली की दुसरी दाराशी उभी राहून नाल्याकडे पाहत राही. निळी दारं कधीच उघडत नव्हती.

"चाबी कोनाजवळ असते?" तिनं विचारलं.

नागसेननं खिडकीतून तोंड फिरवलं नाही. "मालकाच्या घरी. आत पोत्यायचा बारदाना भरला आहे. बाहेर ठेवला तं चोरीले जाते म्हनून." मग तो म्हणाला, "तपासनीस येते तवा खाली करतो. मग पुन्हा भरतो."

गुणवंतराव आत आले ते थकलेले, डोळे सुजलेले. मुखरू त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षं होता. त्यांच्या पोरांना त्यानं सायकल शिकवली होती. ते रडले होते हे दिसत होतं. निशातनं त्यांना गेटचं चित्र दाखवलं. कुत्री पळत आली तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"बस. बंद करा," ते म्हणाले. मग, "आवारातलं बी असन ना?"

"आहे."

"पाह्यलं तुमी?"

"पाह्यलं, मालक."

ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. "गेटचं तेवढं वनवाल्यायले काढून द्या. बाकीचं त्यायच्या कामाचं नाई. डिस्क साफ करून घ्या, नव्यानं चालू करा. खराब मशीनमंधी जुनं ठेवून काय फायदा." आवाजात जोर नव्हता. विनवणी म्हणावी तर तीही नव्हती. "मेलेला मानूस काई वापस येत नाई, बाई."

निशातनं गेटचं रेकॉर्डिंग काढून दिलं. मग डिस्क साफ करायला घेतली, पण त्याआधी आवारातली ती शेवटची काही मिनिटं तिनं आपल्या पेनड्राइव्हवर घेतली. नागसेननं पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि दार मागे लोटून घेतलं. तिनं असं का केलं, हे तिला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डिस्क मात्र तिनं सांगितल्याप्रमाणे साफ केली. मुखरूच्या हंगामभरातल्या सकाळी, कुत्रीशी बोलणं, ट्रकवाल्यांना हात करणं, सगळं त्यात गेलं.

घरी आल्यावर तिला पाणी गेलं नाही. अमिनानं तांब्या पुढे केला, तर ती ओट्यावर बसून राहिली.

चारसहा दिवसांत सावलीत एक गोष्ट फिरायला लागली. ती कोणी सोडली कळायला मार्ग नव्हता, आणि कदाचित कोणी सोडलीही नसेल. अशा गोष्टी आपोआप उगवतात. मुखरू रात्रीची मोहाची घेऊन होता. उतरली नव्हती. मिलमध्ये पक्के संडास असताना माणूस वाघाच्या तोंडात जातो कशाला? किराणा दुकानात, बँकेच्या रांगेत, निशातच्या दुकानापुढच्या बाकावरही ते बोललं गेलं. वनपालानं भरपाईचं प्रकरण पुढे पाठवलं नव्हतं. तो जंगलात कशासाठी शिरला याचा खुलासा त्याला हवा होता, आणि गेटच्या चित्रात तो नुसता जाताना दिसत होता. निशात हे सगळं ऐके. पेनड्राइव्ह गल्ल्याच्या कप्प्यात होता. ती तिकडे हात नेत नसे. आसपासच्या बहुतेक मिलांचे कॅमेरे तिच्याकडे होते आणि मिलवाले एकमेकांचे सोयरे होते.

तेरवी झाल्यावर भागीरथा आली. मुखरूची बायको. उन्हानं काळवंडलेली, उंच, कपाळ मोकळं. ती दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली, आत येईना.

"तुमीच का कॅमेरेवाली?"

"हो. आत या ना."

"आमच्या घरच्यायले शेवटचं तुमी पाह्यलं म्हन्ते नागसेन." तिनं पदर तोंडाशी धरला होता, पण डोळे कोरडे होते. "मले एकच विचाराचं आहे, बाई. ते पिऊन होते का? चाल पाहून समजते. मी जनमभर पाह्यली, मले समजन. तुमाले समजलं असन तं सांगा."

निशातनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"खोटं नोका सांगू. पिऊन असन तं असन. पोरीच्या सासरचे म्हनून राह्यले, तुहा बाप दारुडा होता म्हनून वाघानं नेला. मी काय बोलू त्यायले?"

निशात उठली. तिनं भागीरथाचा हात धरून तिला आत आणलं, स्टुलावर बसवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. "भागीरथाबाई, पाहू शकाल का? वाघ नाई दिसत त्यात. फक्त ते दिसते."

"लावा."

तिनं लावलं. भागीरथा पुढे वाकली. नवरा चित्रात आला तशी तिच्या घशातून अगदी बारीक आवाज निघाला, आणि मग काही नाही. तो दाराशी गेला. कुलूप हलवलं. दुसरं हलवलं. उभा राहिला. वळून पाहिलं. गेला.

"पुन्हा."

तिनं पुन्हा लावलं.

"पिऊन नाई," भागीरथा म्हणाली. "पाय सरळ पडून राह्यले." मग तिचं बोट स्क्रीनवर त्या निळ्या दाराशी गेलं. "हे कुलूप कायचं?"

निशातनं सांगितलं. बारदाना, चोरी, मालकाच्या घरची चावी. सांगताना तिला आपलाच आवाज परका वाटला. भागीरथानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"पोट बिघडलं होतं त्यायचं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी वालाची भाजी केली होती मी. वातड होती. मी म्हनलं होतं, नोका खाऊ." आणि एवढ्यानं ती मोडली. स्टुलावर बसल्या बसल्या पुढे मागे हलत राहिली. "माह्या हातची भाजी, बाई. माह्या हातची भाजी."

निशातला सांगावंसं वाटलं, की भाजीनं कोणी मरत नाही. पण तिनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

भागीरथानं ते रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा निशातनं दिलं. तिच्या दिरानं ते वनपालाला नेऊन दाखवलं. माणूस शिकारीला, सरपणाला गेला नव्हता, पोट दुखत होतं म्हणून भिंतीआड गेला होता, हे त्यातून स्वच्छ दिसत होतं. प्रकरण पुढे सरकलं. दारूची गोष्टही हळूहळू विझली, म्हणजे लोकांनी ती सोडून दुसऱ्या गोष्टी धरल्या.

मिलमध्ये मात्र वेगळं झालं. हमालीच्या बायांपर्यंत ते चित्र पोचलं. एका सकाळी त्या आल्या आणि कामाला न लागता निळ्या दारांपुढे जाऊन बसल्या. धानानं भरलेल्या गाड्या बाहेर रांगेत. कोणी घोषणा दिली नाही. गुणवंतराव आले, रागावले, समजावलं, मग गप्प झाले. दुपारी नागसेननं चावी आणली आणि दोघा हमालांनी बारदाना बाहेर काढला. आत कोळ्यांची जाळी होती आणि पाण्याची तोटी नव्हती. बायांनी स्वतःच झाडून घेतलं.

त्याच संध्याकाळी गुणवंतरावांची गाडी निशातच्या दुकानापुढे थांबली. ते उतरले नाहीत, काच खाली केली.

"मी तुमाले साफ कराले सांगतलं होतं."

"डिस्क साफ केली, मालक."

"तुमच्या बापाले मी वळखत होतो. अयूबनं माह्या बापाचा रेडिओ कितीकदा दुरुस्त केला. कधी घरातली गोष्ट बाहेर नाई गेली."

निशातला बरंच काही म्हणता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मुखरूभाऊच्या बायकोनं विचारलं. मले खोटं नाई बोलता आलं."

काच वर गेली. पुढच्या आठवड्यापासून एकेका मिलचे फोन यायचे बंद झाले. कोणी भांडलं नाही. कोणी सांगितलं, पोराच्या मित्रालाच दिलं काम. कोणी सांगितलं, सध्या नको, पाहू. गुणवंतरावांच्या मिलमध्ये मूल गावचा एक माणूस येऊन नवी यंत्रणा बसवून गेला. नागसेन एकदा बाजारात भेटला, तेव्हा इकडेतिकडे पाहून म्हणाला, "आवारातला कॅमेरा आता वजनकाट्याकडे फिरवला, बाई." त्यानं मान खाली घातली. त्याला दोन लेकरं होती. निशातनं त्याला दोष दिला नाही.

ती लांबची कामं घ्यायला लागली, नदीपलीकडची. चामोर्शी, आष्टी, एकदा तर एटापल्लीपर्यंत, खाणीच्या ट्रकांमागून लाल धूळ खात. सकाळी निघायचं, अंधार पडता परत. अमिना आता कटकट करत नसे. निशातला कमरेत कळ यायला लागली होती. गडचिरोलीच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून खडा दाखवला आणि पाणी भरपूर प्या म्हणाला. निशात हो म्हणाली.

वर्षश्राद्धाच्या थोडं आधी भागीरथा पुन्हा आली. आता ती गुणवंतरावांच्याच मिलमध्ये कामाला होती. आवार झाडायचं, बारदाना मोजायचा. हंगामात गावात दुसरं काम नव्हतं आणि मालकानं स्वतःहून बोलावलं होतं.

"संडास उघडे असते का?" निशातनं विचारलं.

"एक उघडा असते. दुसऱ्यात पुन्हा भरला बारदाना." ती स्टुलावर बसली. या वेळी बोलवावं लागलं नाही. "बाई, एक काम होतं. श्राद्धाले फोटो पायजे. आमच्या घरच्यायचा एकही फोटो नाई. आधारकार्डावर आहे, पन त्यात कोन आहे समजत नाई. तुमच्यापाशी तं मिलातले किती दिवसांचे असन. हासतानाचा एखादा द्या. ते कुत्रीसंग बोलत राहे तवा लय हासत."

निशातनं पुढ्यातला कीबोर्ड बाजूला सारला. मग तिनं सांगितलं, की ते तिनंच पुसलं. मालकानं सांगितलं म्हणून. तेव्हा डोक्यात आलं नाही.

भागीरथानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "मंग काईच नाई?"

"तेवढंच आहे. तुमी पाह्यलं ते."

"त्यातला द्या."

निशातनं ते पुन्हा लावलं आणि एकेक चित्र करून पुढे सरकवलं. पाठ, पाठ, कुलपावरचा हात, पुन्हा पाठ. चेहरा फक्त एका ठिकाणी होता, दोन्ही दारं झाल्यावर त्यानं वळून कॅबिनकडे पाहिलं तिथं. तिनं ते थांबवलं, मोठं केलं, धुकं जमेल तेवढं कमी केलं, मागचं निळं दार कापून टाकलं. कागदावर आला तो एक दमलेला, काहीतरी मागत असल्यासारखा माणूस होता, कडांना फिकट. भागीरथानं तो उजेडाकडे धरला.

"आहे," ती म्हणाली. "हेच आहे ते. पोरीले नोका सांगू कुठला आहे म्हनून."

"नाई सांगत."

तिनं फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ब्लाउजच्या आत, पोटाशी ठेवला, पदर नीट केला आणि उठली. दुपारची पाळी सुरू व्हायची होती. निशातनं चहा विचारला, तर कामावर जाताना नको म्हणून तिनं मान हलवली. मिलच्या दिशेनं जाणारी ऑटो भरत आली होती, ड्रायव्हर हाका मारत होता, आणि ती मागच्या फळीवर, पोत्यांच्या बाजूला, पाय बाहेर सोडून बसली.